ओलं वजन

मी मापाडी आहे. हिंगोलीच्या मोंढ्यावर, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, हळदीचा काटा बघायला लागून मला बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत लोकांचा किती माल तोलला याला गणती नाही, पण स्वतःला मी कधी तोललं नव्हतं. काटा मालासाठी असतो, माणसासाठी नाही, असं माझं साधं मत होतं. या उन्हाळ्यात ते मत मोडलं आणि त्यापायी मला इतका वैताग आला की ज्या काट्यावर पोट भरतो त्यालाच लाथ घालावी असं चार-पाच वेळा तरी वाटून गेलं.

कारण सांगतो. माझी धाकटी बहीण आखाडा बाळापूरला दिलेली आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा नांदेडला जायचं, चार तास मशीनला टेकून रक्त धुऊन घ्यायचं आणि परत यायचं. माझ्या मेहुण्याचा रक्तगट जुळला नाही. आईला साखर आहे, तिची किडनी चालत नाही. राहिलो मी. माझा गट जुळला, आणखी दोन-तीन तपासण्या जुळल्या आणि मी छाती फुगवून डॉक्टरांसमोर जाऊन बसलो. डॉक्टरांनी छातीकडे बघितलंच नाही, पोटाकडे बघितलं. नर्सनं मला वजनकाट्यावर उभं केलं. अठ्ठ्याण्णव किलो चारशे ग्रॅम.

"पंच्याऐंशीच्या आत या," डॉक्टर म्हणाले. "मग पुढचं बघू. तीन-चार महिने लागतील. पण नीट उतरवा, उपाशी राहून नको."

म्हणजे किडनी तयार, देणारा तयार, घेणारी तर दोन वर्षांपासून तयार, आणि मध्ये तेरा किलो चारशे ग्रॅम चरबी आडवी पडलेली. ती माझी होती. दुसऱ्या कुणावर चिडायची सोयच नव्हती. तरी मी चिडलो.

दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडम माझ्या पोरीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मला एक तक्ता दिला. सकाळी सात, दहा, दुपारी एक, चार आणि संध्याकाळी सात, असं पाच वेळा थोडंथोडं खायचं. दिवसाला पंधराशे कॅलरी. मी विचारलं, एका भाकरीत किती? त्या म्हणाल्या, केवढी भाकरी? मी दोन्ही हातांनी दाखवली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, तिला दोन धरा." घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग इतके दिवस तुमी चार म्हणून आठ खात होता की."

तक्ता चांगला होता. फक्त तो मोंढ्यावर बसत नव्हता. आमच्याकडं लिलाव आटोपून काटा सुरू व्हायला बारा वाजतात. आणि आमच्या धंद्याचा एक रिवाज आहे: एकदा शेतकऱ्याच्या मालाला हात लावला की त्याचा शेवटचा कट्टा, म्हणजे पोतं, काट्यावरून उतरेपर्यंत मापाड्यानं जागा सोडायची नाही. मधेच उठून गेला तर शेतकऱ्याच्या मनात शंका येते. हा गेला कुठं, व्यापाऱ्याशी काय बोलून आला? चाळीस कट्ट्यांचा ढीग असला की एकचं जेवण तीनला जातं. त्यामागं लगेच दुसरा ढीग लागला की पाचला. पाच वाजता डबा उघडला की माणूस डब्यालाही खाईल अशी भूक लागलेली असते. त्यात बायकोनं पीठ छोट्या काट्यावर मोजून केलेल्या दोन भाकरी असायच्या, तळहाताएवढ्या. त्या मी चार घासांत संपवायचो आणि नंतर डब्याच्या झाकणाला लागलेली चटणी बोटानं पुसून खायचो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दोन लेकरांचा बाप, झाकण चाटतोय. हमाल तिकडं तोंड फिरवून हसायचे.

मॅडमनी आठवड्यातून एकदाच वजन करायला सांगितलं होतं. मी मापाडी, मला ते जमणार होतं का? रोज सकाळी मोंढ्यावर गेलो की मोठ्या काट्यावर उभा राहायचो. तोही धंद्याच्या रीतीनं. माल तोलताना पोत्याचं वजन वजा करतात, त्याला आम्ही बारदान वजा करणं म्हणतो. मी माझे कपडे, पट्टा, किल्ल्या आणि मोबाईल एकदा तोलून घेतले. नऊशे ग्रॅम भरले. रोज तेवढं बारदान वजा करून वहीत आकडा लिहायचो, आणि खाली दिवसभरात काय खाल्लं तेही. पुढं पुढं आकडा आवडला नाही की बारदान अकराशे व्हायचं, बाराशे व्हायचं. आज शर्ट जाड आहे, आज केस ओले आहेत. बावीस वर्षांत कुणाच्या मालात मी शंभर ग्रॅम इकडचे तिकडे केले नाहीत. स्वतःच्या मालात मात्र रोज करत होतो.

पहिल्या महिन्यात पाच किलो उतरलं. मला वाटलं, जिंकलो. आणि मग ते अडलं. त्र्याण्णव दोनशे. दुसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव सहाशे. मग ब्याण्णव आठशे. मग पुन्हा चौऱ्याण्णव. दोन भाकरी आणि वाटीभर वरण खाऊन झोपलेला माणूस सकाळी दीड किलोनं वाढतो कसा? मी काट्यावरच संशय घेतला. सरकारी शिक्क्याची वीस-वीस किलोची लोखंडी वजनं आणून ठेवली. काटा बराबर होता, ग्रॅमनंसुद्धा हलला नाही. मग राहिलो मीच खोटा.

तोवर सगळ्या मोंढ्याला ही गोष्ट कळली होती. सकाळी मी काट्यावर चढलो की हमाल लिलावासारखा पुकारा करायचे, "चौऱ्याण्णव सहाशे! बोला, चौऱ्याण्णव सहाशे!" मी शिव्या द्यायचो. त्यांचं खरं म्हणजे चुकत नव्हतं. कशासाठी चाललंय हे त्यांना माहीत होतं आणि आकडा खाली आला की तेच टाळ्या वाजवायचे. पण आकडा वर गेला की मला त्यांच्या टाळ्याही नको असायच्या आणि पुकाराही.

घरी तर मी सगळ्यांना नकोसा झालो होतो. पोरं माझ्यासमोर काही खायची नाहीत, स्वयंपाकघरात उभ्यानं खाऊन घ्यायची. एकदा बायकोनं भेंडीची भाजी केली, त्यात तेल किती टाकलं म्हणून मी तिला तीनदा विचारलं. तिनं उलथणं ठेवलं. "अहो, तुमी जेवून राहिलात का मोजून राहिलात? उद्यापासून काट्यावरच ताट मांडते." मी जेवण सोडून उठलो. बाहेर जाऊन बसलो आणि मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, तीनशे कॅलरी वाचल्या. माझीच मला लाज वाटली.

सोमवारी आणि गुरुवारी बहिणीची नांदेडची पाळी. सोमवारी मोंढ्यावर काम कमी असतं, म्हणून त्या दिवशी तिला मी घेऊन जायचो. येताना वारंगा फाट्यावर जीप थांबायची. फाट्यावर खिचडी आणि भजी मिळतात, आणि तिथून जाणारा माणूस ती खाल्ल्याशिवाय सहसा जात नाही. आम्ही दोघं बाकड्यावर बसायचो. तिला मीठ चालत नाही, बटाटा चालत नाही, टोमॅटो चालत नाही, पाणीसुद्धा मोजून. दिवसाला तीन पेले, त्यातच चहा, त्यातच गोळ्या गिळायचं पाणी. मला तेल चालत नाही, भात चालत नाही. आमच्या आजूबाजूला माणसं वाफाळती खिचडी हाणत असायची आणि आम्ही दोघं बहीणभाऊ उपाशी मांजरांसारखे त्यांच्या ताटांकडं बघत बसायचो. तिला हसू यायचं. मला नाही यायचं.

अशाच एका सोमवारी मी तिच्यापुढं रडगाणं गायलो. म्हटलं, एवढं करूनही काटा वर जाऊन राहिला, माझ्यानं होत नाही, देवानं माझं शरीरच असं केलंय.

ती म्हणाली, "दादा, काहून एवढा जीव जाळतोस? ते पाणी असतंय. माझं बघ. मशीनवर जायच्या आधी साडेबावन्न भरते, उतरले की पन्नास. मग मी काय तीन-चार दिवसांत अडीच किलो भाकरी खाल्ली व्हय? नर्स म्हणते, पन्नास हे तुमचं कोरडं वजन, वरचं सगळं पाणी. तुझंबी तसंच. मीठ जास्त झालं, झोप न्हाई झाली, की पाणी धरतंय अंग. दोन दिवसानं जातंय."

तिनं मला धीर द्यायला सांगितलं होतं. मलाही बरं वाटलं. आणि हे मला दुसऱ्यानं सांगावं याचं नवलही वाटलं, कारण ओलं वजन म्हणजे काय हे माझ्याइतकं कुणाला माहीत? हळद शिजवून उन्हात नीट वाळवली तर कांडी खट्कन मोडते. घाईघाईनं आणलेली ओलसर हळद नुसती वाकते, आणि काट्यावर जड भरते. व्यापारी कांडी मोडून बघतो आणि तोंड वाकडं करतो. हे मी रोज बघतो. तिचं बोलणं मी नीट ऐकलं आणि मनात ठेवून दिलं. चुकीच्या ठिकाणी ठेवलं, हे पुढं कळलं.

त्यानंतर आठवड्याभरानं मॅडमना वही दाखवली. त्यांनी सगळी पानं चाळली आणि विचारलं, "यात चहा कुठंय?"

चहा? चहा काय खाणं असतं? पण खरं सांगायचं तर तिथंच माशी शिंकली होती. आमच्याकडं शेवटचा कट्टा उतरला की शेतकरी मापाड्याला अर्धा कप चहा पाजतो. ती लाच नव्हे. वजन मान्य आहे, मनात काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. मापाड्यानं चहा नाही घेतला तर शेतकऱ्याला वाटतं, याच्या मनात काहीतरी खोट आहे. हंगामात दिवसाला बारा-चौदा अर्धे कप होतात, आणि मोंढ्यावरचा चहा म्हणजे साखरेचा पाक. मॅडमनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही रोज तीन भाकरी पिताय." मला त्यांचा राग आला नाही. दोन महिने बायकोच्या तेलाच्या थेंबांवर लक्ष ठेवून होतो, आणि इकडं घशाखाली पाक ओतत होतो, याचा मात्र भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवसापासून चहा बंद केला. शिरड शहापूरचे एक म्हातारे शेतकरी आहेत, वर्षानुवर्षं त्यांचा माल मीच तोलतो. त्यांनी कप पुढं केला आणि मी हात जोडले. त्यांचा चेहरा उतरला. "काहून? माझ्या मालात खोट निघाली का तुझ्या काट्यात?" मी सगळं सांगितलं, बहीण, किडनी, पंच्याऐंशी. त्यांनी कप बाजूला ठेवला. मग स्वतः उठले, माठातलं पाणी पेल्यात घेऊन आले. "मग हे पी. पाण्यानं बी वजन मान्य होतंय." त्यांचं पाहून बाकीचेही पाण्यावर आले. मला वाटतं त्या पाण्यानंच मी उतरलो. जून लागला तेव्हा शहाऐंशी तीनशेवर आलो होतो. पट्ट्याला तीन नवी भोकं पाडली होती.

आणि डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली. त्या दिवशी वजन, रक्त, लघवी सगळं एकदम तपासायचं होतं. शुक्रवारी सकाळी काटा दाखवत होता शहाऐंशी तीनशे. मला हवं होतं पंच्याऐंशीच्या आत. तेराशे ग्रॅम. तीन महिन्यांत बारा किलो उतरवलेल्या माणसाला शेवटचे तेराशे ग्रॅम सोडत नव्हते. डॉक्टरांना फोन करून आठ-दहा दिवस वाढवून मागता आले असते. पण बहिणीला मी सांगून बसलो होतो की या सोमवारी नक्की. तिनं तर शेजारणीलाही सांगितलं होतं.

मग मला तिचंच बोलणं आठवलं. पाणीच आहे ना वरचं? मग काढून टाकू. ओला माल कसा वाळवतात हे मला कुणी शिकवायला नको होतं.

शनिवारपासून मीठ बंद केलं. पाणी बंद केलं, नुसत्या चुळा भरायचो. भाकरीचा तुकडा आणि काकडी. रविवारी दुपारी अंगात स्वेटर घालून गच्चीवर जाऊन बसलो. जूनचं ऊन, फरशी पायाला चटके देत होती. बायको जिन्यातून ओरडली, "हळद हाय का तुमी वाळायला?" मी म्हटलं, व्हय, हळदच हाय. जीभ टाळूला चिकटली होती, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. संध्याकाळी मोंढ्यावर जाऊन काट्यावर उभा राहिलो. चौऱ्याऐंशी सहाशे. बारदान वजा करायचीसुद्धा गरज पडली नाही. त्या सुट्टीच्या मोंढ्यात टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, म्हणून मीच वाजवल्या.

सोमवारी दवाखान्याच्या काट्यावर चौऱ्याऐंशी आठशे भरलो. नर्स म्हणाली, "वा काका!" रक्त काढायला शीर सापडेना, तिनं चार ठिकाणी टोचलं. मी हसतच होतो. बहीण आत मशीनवर होती. तिला मी दारातूनच अंगठा दाखवला. तिनं मोकळा हात वर केला.

दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. समोर माझे कागद होते. त्यांनी वजनाकडं बघितलंच नाही. "क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनीवर ताण आलाय. लघवीत दोष आहे. रक्तदाब खाली आलाय. मागच्या वेळी सगळं चांगलं होतं. काय केलंत?"

मी खोटं बोलायला बघितलं, पण तोंड इतकं कोरडं पडलं होतं की शब्दच फुटेना. मग सगळं सांगितलं. स्वेटरसकट.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "किडनी द्यायला आलात ना? मग त्याच किडन्यांना दोन दिवस तहानलेलं ठेवून आणलंत? मी चरबी उतरवायला सांगितली होती, पाणी नाही." त्यांनी माझी फाईल बंद करून बाजूला ठेवली. आता दीड महिना रोज पोटभर पाणी प्यायचं, वेळेवर जेवायचं, मगच सगळ्या तपासण्या पुन्हा. तोवर काही ठरणार नाही. दीड महिना म्हणजे तिच्या आणखी बारा-तेरा खेपा, दर खेपेला चार तास. हा हिशोब मी दाराबाहेर पडेपर्यंत करून टाकला होता. माझ्या मूर्खपणाचं वजन मला तेवढ्यात कळलं.

तिला सांगायचं धाडस मला दवाखान्यात झालं नाही. वारंगा फाट्यावर जीप थांबली, आम्ही नेहमीच्या बाकड्यावर बसलो, आणि तिनंच विचारलं, "मग? काय म्हणले डॉक्टर?"

मी सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, चिडली. इतकी चिडलेली मी तिला लहानपणीसुद्धा बघितली नव्हती.

"पाणी सोडलंस?" ती म्हणाली. "मी दोन वर्षं झाली, दुसऱ्याच्या हातातल्या तांब्याकडं बघून राहिले. झोपेत बी मला हापसा दिसतो. तुला मुभा हाय दादा, घागरभर प्यायची मुभा हाय, आणि तू उन्हात बसून सोडून दिलंस? कुणासाठी? माझ्यासाठी?"

तिच्या पिशवीत एक अर्ध्या लिटरची बाटली असते, त्यावर पेननं रेघा मारलेल्या. एक रेघ दुपारची, एक गोळीची, एक संध्याकाळची. तिनं बाटली काढून झाकण उघडलं आणि माझ्यापुढं धरली. फाट्यावर पाण्याला तोटा नव्हता, चार हातांवर माठ होता. मी माठाकडं हात केला. तिनं तो खाली दाबला.

"हेच पी. माझ्यादेखत पी."

मी दोन घोट प्यालो. पाणी एका रेघेच्या खाली गेलं. तिनं बाटली उजेडात धरून बघितली, झाकण लावलं आणि पिशवीत ठेवली. मग मी उठून माठावर गेलो आणि पोट दुखेपर्यंत पाणी प्यालो. तिनं मात्र घरी जाईपर्यंत बाटलीला हात लावला नाही.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. मी एकचं जेवण एकला जेवतो. शेतकऱ्यांना आधीच सांगून ठेवलंय, तुमच्या ढिगाच्या मधे दहा मिनिटं उठेन, शंका घेऊ नका. कुणी घेतली नाही. इतकी वर्षं मीच घाबरत होतो. काटा अजून वरखाली होतो आणि मी अजून चिडतो. आज सकाळीसुद्धा हमालाला उगाच बोललो.

पण त्या मंगळवारचा आकडा वहीत आहे तसाच आहे. फाट्यावरून आल्यानंतरची ती सकाळ. मी काट्यावर चढलो आणि हमालानं वहीतला रविवारचा आकडा बघून पुकारा केला, "सत्याऐंशी शंभर! काय राव, दोन दिवसांत अडीच किलो वाढलं?"

"व्हय, वाढलं," मी म्हणालो. बारदान वजा न करता सत्याऐंशी शंभर लिहिलं. त्यातले दोन घोट तिच्या वाटणीचे होते.